कीटकनाशकांची सुरक्षित साठवणूक

कीटकनाशकांची सुरक्षित साठवणूक म्हणजे शेतात व घरात वापरली जाणारी कीटकनाशके, बुरशीनाशके, तणनाशके, उंदीरनाशके आणि वनस्पतिवाढ नियंत्रके खरेदीपासून ती पूर्णपणे वापरली जाईपर्यंत माणसे, जनावरे, अन्न, चारा, बियाणे व पाणी यांच्यापासून वेगळी ठेवण्याची पद्धती होय. जागेची निवड, कुलूपबंद मांडणी, मूळ वेष्टनाचे व लेबलाचे जतन, साठ्याची नोंद, गळतीवरील उपाय आणि रिकाम्या पात्रांची विल्हेवाट या बाबींचा तीत समावेश होतो. भारतात हा विषय कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि कीटकनाशक नियम, १९७१ यांच्या कक्षेत येतो. द्राक्ष, कांदा, टोमॅटो व डाळिंब या पिकांमुळे वर्षातील बहुतेक महिने फवारणी चालणाऱ्या नाशिक जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे.

## संज्ञा

कायद्याच्या परिभाषेत 'कीटकनाशक' या शब्दाची व्याप्ती बोलीभाषेतील अर्थापेक्षा मोठी असून बुरशीनाशके आणि तणनाशके यांनाही ती लागू होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या सर्व रसायनांना सरसकट 'औषध' म्हणतात. 'औषध मारणे' म्हणजे फवारणी करणे, आणि 'औषधाचे दुकान' म्हणजे बहुधा कृषी सेवा केंद्र. पिकाच्या दृष्टीने हा शब्द योग्य असला, तरी एकाच घरात माणसांचे औषध आणि पिकांचे औषध हे दोन्ही त्याच नावाने ओळखले जातात. लहान मुले, दृष्टी अधू झालेली वृद्ध माणसे आणि नव्याने कामावर आलेले मजूर यांची त्यामुळे फसगत होऊ शकते. म्हणूनच साठवणुकीच्या जागेवर व डब्यांवर 'विष' हा शब्द ठळक अक्षरांत लिहिण्याची शिफारस केली जाते.

## पार्श्वभूमी

भारतातील कीटकनाशकविषयक कायद्याचे मूळ साठवणुकीतील एका दुर्घटनेत आहे. १९५८ साली केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन या अतिविषारी कीटकनाशकाने दूषित झालेले अन्नपदार्थ खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक मरण पावले. खाद्यपदार्थ आणि कीटकनाशक यांची एकाच जहाजातून वाहतूक झाली होती व गळालेले विष गव्हाच्या पिठात मुरले होते. या घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. पुढील दशकात कीटकनाशकांचे उत्पादन, विक्री, वाहतूक व वापर यांचे नियमन करणारा कायदा संमत झाला. या दुर्घटनेत कोणी फवारणी केली नव्हती. विष आणि अन्न एकमेकांशेजारी ठेवले गेले, एवढेच तिचे कारण होते.

पंचावन्न वर्षांनंतर तसाच प्रकार पुन्हा घडला. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेतील मध्यान्ह भोजन घेतल्यानंतर २३ बालकांचा मृत्यू झाला. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. या घटनेनंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने विकसनशील देशांनी अतिविषारी कीटकनाशके बाजारातून लवकर काढून घ्यावीत, असे आवाहन केले.

महाराष्ट्रात २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही घटना प्रामुख्याने फवारणीतील विषबाधेची होती. तथापि, तिच्यानंतर राज्यात कीटकनाशकांची हाताळणी, मिश्रणे, संरक्षक साधने आणि साठा या सर्वच बाबींकडे लक्ष वेधले गेले.

## कायदेशीर तरतुदी

कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये साठवणुकीसंबंधी पुढील प्रमुख तरतुदी आहेत.

* अन्नधान्य किंवा जनावरांचे खाद्य यांच्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने कीटकनाशकांची वाहतूक वा साठवण करता येत नाही.
* कीटकनाशकांची वेष्टने इतर वस्तूंच्या खोलीपासून दूर, स्वतंत्र खोलीत ठेवावी लागतात. साठ्याचे प्रमाण व स्वरूप पाहून ती स्वतंत्र कपाटात कुलूपबंद ठेवता येतात.
* साठवणुकीची खोली पक्की, कोरडी, उजेडाची, हवेशीर आणि बाष्पामुळे दूषितीकरण होणार नाही इतकी ऐसपैस असावी लागते.
* मुदतबाह्य माल विक्रीच्या मालापासून वेगळा काढावा लागतो.
* रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जातील अशा रीतीने उघड्यावर टाकता येत नाहीत. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावी लागतात.

विक्रेत्यांच्या गोदामांची तपासणी कीटकनाशक निरीक्षक करतात. शेतकऱ्याच्या घरातील लहान साठ्याची नियमित तपासणी करणारी यंत्रणा मात्र नाही. तेथे सुरक्षितता मुख्यतः लेबलवरील सूचना आणि कुटुंबाच्या सवयी यांवर अवलंबून राहते.

## लेबल व विषारीपणाचे वर्ग

भारतात कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात इशारा असतो आणि खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवतो. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी ज्या तोंडावाटे दिलेल्या मात्रेने मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजून हे वर्ग ठरवले आहेत.

* लाल: अत्यंत विषारी, १ ते ५० मिलिग्रॅम. वरच्या त्रिकोणात कवटी व हाडांचे चिन्ह आणि 'विष' हा शब्द असतो.
* पिवळा: अति विषारी, ५१ ते ५०० मिलिग्रॅम.
* निळा: मध्यम विषारी, ५०१ ते ५,००० मिलिग्रॅम.
* हिरवा: किंचित विषारी, ५,००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक.

हिरवा रंग म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. वर्गीकरण मुख्यतः एका वेळच्या मात्रेवर आधारलेले असल्याने दीर्घकाळ थोड्या-थोड्या प्रमाणात होणाऱ्या संपर्काचा अंदाज त्यावरून येत नाही. लेबलसोबतच्या माहितीपत्रकात साठवणुकीच्या सूचना, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा दिलेला असतो. त्यामुळे मूळ वेष्टन हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठीही महत्त्वाचे साधन ठरते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेल्या रसायनाची ही सर्व माहिती एका क्षणात नाहीशी होते.

## नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती

निफाड, दिंडोरी व चांदवड हे तालुके द्राक्षांसाठी, लासलगाव व पिंपळगाव बसवंत या बाजारपेठा कांद्यासाठी, तर सटाणा, देवळा व मालेगाव हा परिसर डाळिंबासाठी ओळखला जातो. द्राक्षबागेत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. गोडी छाटणीनंतर केवडा, भुरी व करपा या रोगांच्या भीतीने फवारण्यांची संख्या वाढते. बागायतदाराकडे त्यामुळे एकाच वेळी अनेक बुरशीनाशके, कीटकनाशके, संजीवके आणि विद्राव्य खते जमा झालेली असतात.

बागायती पट्ट्यात अनेक कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यातील वस्तीवर राहतात. राहते घर, गोठा, पंपाची खोली, ट्रॅक्टरची शेड आणि कांदाचाळ ही सर्व एकाच आवारात असतात. या रचनेत विष ठेवण्याची जागा आणि मुलांची खेळण्याची जागा यांत काही पावलांचेच अंतर उरते. रिकाम्या कांदाचाळीत औषधांचे खोके ठेवणे सोयीचे वाटते. परंतु चाळ हवा खेळती राहावी म्हणून बाजूंनी उघडी ठेवलेली असते, तिला कुलूप लागत नाही आणि पुढील हंगामात तेथेच खाण्याचा कांदा भरला जातो. त्यामुळे चाळ कीटकनाशकांसाठी अयोग्य मानली जाते.

हवामानाच्या दृष्टीनेही जिल्ह्यात मोठी तफावत आहे. मालेगाव परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर निफाड परिसरात हिवाळ्यात किमान तापमान ५ अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. पत्र्याच्या बंद शेडमध्ये उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षाही अधिक उष्णता साठते. तीव्र उष्णतेने द्रवरूप औषधांची बाष्पे वाढतात, डबे फुगतात व परिणामकारकता घटते. थंडीत काही प्रवाही औषधांचे घटक वेगळे होतात किंवा त्यांत खडे धरतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या अतिपावसाच्या तालुक्यांत ओलीमुळे भुकटीच्या पुड्या आणि कागदी लेबले खराब होतात.

गोदावरीकाठच्या सायखेडा व चांदोरी या गावांत २०१६ व २०१९ साली पुराचे पाणी शिरले होते. अशा ठिकाणी जमिनीवर ठेवलेला साठा पाण्यासोबत वाहून जाण्याचा धोका असतो. याच नदीवर खालच्या बाजूस नांदूर मधमेश्वर हे पाणथळ अभयारण्य असून २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झाले. कीटकनाशकांचा अल्प अंशही मासे व जलचरांना घातक ठरू शकत असल्याने पूररेषेच्या वर साठवण करणे ही या भागातील विशेष गरज आहे.

### निर्यात व साठवणूक

युरोपीय बाजारात द्राक्षांवरील रसायनांच्या अवशेषांसाठी कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रकाच्या अवशेषांमुळे भारतातून गेलेली द्राक्षे युरोपात अडचणीत आली आणि नाशिकच्या उत्पादकांना मोठा फटका बसला. अपेडा या संस्थेच्या 'ग्रेपनेट' प्रणालीत निर्यातक्षम बागांची नोंदणी व माग ठेवला जातो, तर पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशीत रसायनांची आणि काढणीपूर्व प्रतीक्षाकाळाची यादी प्रसिद्ध करते. 'ग्लोबल गॅप' या खासगी प्रमाणपत्राच्या अटींमध्ये कीटकनाशकांसाठी कुलूपबंद, हवेशीर व स्वतंत्र खोली, गळती अडवण्याची सोय आणि साठ्याची नोंद यांचा समावेश आहे. त्यामुळे निर्यातदार बागायतदारांकडे अशी खोली दिसू लागली. ग्राहकाच्या ताटातील अवशेषासाठी आलेली ही अट बागायतदाराच्या स्वतःच्या घरालाही संरक्षण देते. स्थानिक बाजारासाठी भाजीपाला पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यावर मात्र अशी कोणतीही अट नसते.

## साठवणुकीची जागा

* खोली राहत्या घरापासून, गोठ्यापासून, विहिरीपासून, शेततळ्यापासून व नाल्यापासून दूर आणि उंचावर असावी.
* भिंती व छत आगीला सहज बळी न पडणारे असावे. फरशी सिमेंटची व गुळगुळीत असावी आणि उंबऱ्याशी छोटा कठडा करावा, म्हणजे सांडलेले द्रव बाहेर वाहणार नाही.
* वरच्या व खालच्या बाजूस जाळीबंद झरोके असावेत; थेट ऊन आत येऊ नये.
* दारास कुलूप असावे, किल्ली एका जबाबदार प्रौढ व्यक्तीकडे असावी आणि दारावर मराठीत धोक्याची पाटी असावी. मजूर अन्य भाषक असल्यास कवटीचे चिन्हही लावावे.
* बाहेर, पण हाताच्या अंतरावर, स्वच्छ पाणी व साबण असावा.
* खोलीत खाणे, पिणे, तंबाखू मळणे, विडी ओढणे किंवा झोपणे टाळावे.

ज्या शेतकऱ्यांना स्वतंत्र खोली परवडत नाही, त्यांच्यासाठी घराबाहेरील भिंतीला लावलेली कुलपाची लोखंडी पेटी हा किमान पर्याय मानला जातो. पेटी मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर आणि सावलीत असावी. पलंगाखाली, माळ्यावर, देवघराशेजारी, स्वयंपाकघराच्या फडताळात किंवा धान्याच्या कणगीलगत औषध ठेवणे धोकादायक आहे.

## मांडणी व नोंदी

कीटकनाशके, बुरशीनाशके व तणनाशके वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवतात. द्रवरूप औषधे खालच्या आणि भुकटी व दाणेदार औषधे वरच्या फळीवर ठेवण्याचा प्रघात आहे. डबा फुटला तर द्रव भुकटीच्या पुड्यांवर पडत नाही. फळी लाकडी असल्यास ती द्रव शोषून घेते, म्हणून धातूची किंवा प्लॅस्टिकची मांडणी अधिक योग्य ठरते. पोती जमिनीला व भिंतीला टेकवून न ठेवता फळ्यांच्या बैठकीवर ठेवतात.

तणनाशकांचे वेगळेपण द्राक्षपट्ट्यात अधिकच महत्त्वाचे आहे. टू-फोर-डी या तणनाशकाला द्राक्षवेल अत्यंत संवेदनशील असून त्याचा अल्प अंशही पाने वाकडी करतो. त्यामुळे तणनाशकासाठी फवारणीचा पंपही वेगळा ठेवतात.

बियाणे, खते, सरकीची पेंड, दाणेदार पशुखाद्य, मजुरांचे कपडे व हातमोजे या खोलीत ठेवू नयेत. थायरमसारख्या बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेले रंगीत बियाणे हेही विषच समजून धान्यापासून दूर ठेवावे.

साठावहीत औषधाचे नाव, खरेदीची तारीख, निर्मितीची व मुदतीची तारीख, मात्रा आणि वापर यांची नोंद करतात. 'आधी आलेले आधी वापरावे' हे तत्त्व पाळल्यास मुदत उलटण्याचे प्रमाण घटते. वहीची एक प्रत खोलीबाहेर असावी. आग लागल्यास आत काय आहे हे विझवणाऱ्यांना त्यावरून कळते.

## विशेष काळजीची रसायने

गंधक. भुरी रोगासाठी वापरली जाणारी गंधकाची भुकटी ज्वलनशील असते. पोटॅशियम नायट्रेट व कॅल्शियम नायट्रेट ही विद्राव्य खते आगीला बळ देतात. दोन्ही पदार्थ द्राक्षबागेत सर्रास वापरले जात असल्याने ते मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे लागतात.

मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद लोखंड व जस्ताच्या भांड्यांना खाते. ते प्लॅस्टिकच्या पात्रात कोरडे ठेवतात. त्याचे निळे खडे मुलांना आकर्षक वाटतात, त्यामुळे उघडे ठेवू नयेत.

हायड्रोजन सायनामाइड. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर लावले जाणारे हे रसायन उष्णतेने, तसेच आम्ल व अल्कली यांच्या संपर्काने विघटित होते. ते थंड जागी, मूळ पात्रात ठेवावे लागते. संपर्काच्या आधी किंवा नंतर मद्य घेतल्यास तीव्र शारीरिक त्रास होतो. ही बाब मजुरांना स्पष्टपणे सांगणे आवश्यक असते.

ॲल्युमिनियम फॉस्फाइड. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याने फॉस्फिन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो. नियमानुसार त्यांची विक्री शासकीय संस्था व अधिकृत कीडनियंत्रकांपुरती मर्यादित आहे. घरातील कोठीत किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवलेल्या धान्यात या गोळ्या टाकणे संपूर्ण कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते. घरगुती धान्यासाठी कडक उन्हात वाळवणे, कडुनिंबाचा पाला घालणे आणि डाळींना एरंडेल चोळणे हे रूढ उपाय उपलब्ध आहेत.

## खरेदी व शिल्लक

साठवणुकीचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर दुकानातच निर्माण होतो. उदाहरणार्थ, लेबलवर एक लिटर पाण्याला २ मिलिलिटर अशी मात्रा असेल आणि शेतकऱ्याला २०० लिटर पाणी फवारायचे असेल, तर ४०० मिलिलिटर औषध पुरते. मोठी बाटली तुलनेने स्वस्त पडते म्हणून एक लिटर घेतल्यास ६०० मिलिलिटर उरते. ते पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे अनेक महिने, घराच्या आवारात राहते. दरम्यान लेबल पुसट होते, झाकण सैल होते व मुदतही संपू शकते. त्यामुळे क्षेत्र व पाण्याचे प्रमाण मोजून तेवढ्याच आकाराची पात्रे घेणे हा साठवणुकीचा पहिला उपाय समजला जातो. कालबाह्य औषध कमी किमतीत मिळत असले तरी घेऊ नये आणि खरेदीचे पक्के बिल घ्यावे. घरी आणताना औषध किराणा व भाजीच्या पिशवीत ठेवू नये.

तयार केलेले फवारणीचे द्रावण साठवून ठेवता येत नाही. लागेल तेवढेच द्रावण बनवावे. उरल्यास त्याच पिकाच्या शिल्लक भागावर, शिफारशीच्या मर्यादेत वापरावे.

## गळती व आग

द्रव सांडल्यास मुले व जनावरे दूर करून, हातमोजे व तोंडावर संरक्षण घेऊन त्यावर वाळू, कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकतात. शोषलेले मिश्रण खराट्याने गोळा करून झाकणाच्या पात्रात भरतात व त्यावर नाव लिहितात. सांडलेली जागा सुरुवातीलाच पाण्याने धुतल्यास विष गटारात किंवा विहिरीत उतरते. सांडलेली भुकटी कोरडी झाडल्यास हवेत उडते, म्हणून तिच्यावर ओलसर वाळू किंवा माती पसरून ती गोळा करतात.

आग लागल्यास निघणारा धूर विषारी असतो. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस उभे राहावे, अग्निशमन दलाला आतील रसायनांची माहिती द्यावी आणि विझवताना वापरलेले पाणी नाल्यात जाऊ देऊ नये.

## रिकामी पात्रे व मुदतबाह्य औषधे

रिकामा डबा पूर्ण रिकामा नसतो. त्याच्या आतील बाजूस औषध चिकटून राहते. त्यामुळे फवारणीच्या वेळीच 'त्रिवार धुणे' ही पद्धत वापरतात. डब्यात पाव भाग स्वच्छ पाणी घेऊन झाकण लावून अर्धा मिनिट हलवतात, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओततात व डबा निथळू देतात. हीच क्रिया तीन वेळा करतात. धुतलेल्या डब्याला भोके पाडून तो निकामी करतात व विल्हेवाट होईपर्यंत कुलपातच ठेवतात. अशा डब्यांत पिण्याचे पाणी, दूध, रॉकेल, खाद्यतेल किंवा धान्य कधीही भरू नये. डबे चुलीत जाळल्यास विषारी धूर होतो आणि भंगारात विकल्यास ते पुन्हा घराघरांत पोहोचतात.

जुन्या साठ्यात बंदी आलेली औषधेही आढळतात. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यांपैकी मिथाइल पॅराथिऑनसह १२ औषधांवर तत्काळ, तर डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस यांसह ६ औषधांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली होती. अशी औषधे विहिरीत, नदीत किंवा बांधावर ओतू नयेत. ती मूळ पात्रात वेगळी बांधून तालुका कृषी अधिकारी किंवा विक्रेता यांच्याशी संपर्क साधावा.

## घरगुती कीटकनाशके

शहरी घरांतही डास, झुरळे, ढेकूण, वाळवी व उंदीर यांच्यासाठीची विषे असतात. झुरळांचा खडू शाळेच्या खडूसारखा आणि उंदीरनाशक पेस्ट टूथपेस्टसारखी दिसते. हे साम्य मुलांसाठी घातक ठरते. डांबरगोळ्या गोळ्या-पेपरमिंटसारख्या दिसतात आणि त्यांतील नॅफ्थलिनमुळे काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. ही उत्पादने अन्नाच्या कपाटापासून दूर, उंच व बंद जागी ठेवतात. दाबाखालील फवाऱ्याचे डबे गॅसच्या शेगडीजवळ किंवा उन्हात ठेवू नयेत. शेतीसाठीची औषधे घरातील ढेकूण मारण्यासाठी किंवा डोक्यातील उवांसाठी वापरणे जीवघेणे असते.

## विषबाधा झाल्यास

अतिलाळ, घाम, उलट्या, बाहुल्या आकुंचित होणे, स्नायूंची थरथर व श्वास घेण्यास त्रास ही सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट गटांतील औषधांच्या विषबाधेची प्रमुख लक्षणे आहेत. रुग्णाला दूषित जागेतून मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून त्वचा साबण व भरपूर पाण्याने धुवावी, डोळ्यांत गेले असल्यास वाहत्या पाण्याने सुमारे १५ मिनिटे धुवावेत. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे, दूध वा तूप पाजणे, बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काही घालणे हे टाळावे. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर निजवावे. औषधाचे लेबल किंवा पात्र रुग्णालयात सोबत न्यावे, कारण उतारा औषधाच्या गटानुसार बदलतो; ॲट्रोपिन हे सेंद्रिय फॉस्फरस विषबाधेत वापरले जाणारे प्रमुख औषध सर्व विषांना लागू पडत नाही.

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असून किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८०० १८० १५५१ आहे.

## आत्महत्या प्रतिबंध

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील आत्महत्यांपैकी सुमारे एक पंचमांश आत्महत्या कीटकनाशकांमुळे होतात. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या अहवालांत शेतीक्षेत्रातील आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र अनेक वर्षे अग्रस्थानी राहिला आहे. अशी बरीच कृत्ये क्षणिक आवेगात घडतात व तो क्षण ओसरल्यावर व्यक्ती सावरू शकते. त्या वेळी विष हाताशी नसणे हाच संरक्षणाचा भाग ठरतो. कुटुंबातील कोणी तीव्र मानसिक ताणात असल्यास साठा घरातून तात्पुरता हलवणे व किल्ली दुसऱ्याकडे देणे उपयुक्त असते. मानसिक आधारासाठी शासनाची 'टेलीमानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

कुलपाच्या उपयोगितेला मर्यादाही आहेत. तमिळनाडूत दोन गावांमध्ये सामाईक कुलूपबंद साठवण केंद्राचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले; त्यांत आत्महत्या घटल्याचे आशादायक चित्र दिसले, पण प्रयोग लहान होता. श्रीलंकेच्या ग्रामीण भागात १८० गावांतील पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या गावांना कुलपाच्या पेट्या देण्यात आल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पेट्या दिलेल्या गावांत कीटकनाशकाने स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले नाही. याउलट, त्याच देशात १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढल्यानंतर आत्महत्यांचा एकूण दर पुढील दोन दशकांत ७० टक्क्यांहून अधिक घटला.

या निष्कर्षांमुळे सुरक्षित साठवणूक निरुपयोगी ठरत नाही. अन्नाचे दूषितीकरण, बालकांची अपघाती विषबाधा, गळती आणि जलप्रदूषण यांच्याविरुद्ध ती आवश्यकच आहे. मात्र कुलूप हे विषाचे प्रमाण व तीव्रता कमी करण्याला पूरक आहे, पर्याय नाही. कमी विषारी औषधांची निवड, एकात्मिक कीड व्यवस्थापनातून फवारण्या कमी करणे आणि गरजेपुरतीच खरेदी यांमुळे मुळात कुलपात ठेवण्याजोगे विषच कमी उरते.